गिऱ्हाईक गुगलवर काय टाईप करतं? विद्यापीठांच्या मार्केटिंगमधून छोट्या व्यवसायाने काय उचलावं



कुठलं बटण कुठे आहे ते व्हिडिओमध्ये स्क्रीनवर दाखवलंच आहे, त्यामुळे इथे परत लिहीत नाही. इथे बघूया त्या आकड्यांमागचा हिशेब. सर्च कन्सोल काय सांगतं, अ‍ॅनालिटिक्स काय सांगतं आणि ते वाचून आपल्या धंद्यात नेमकं बदलायचं काय?

उदाहरण घेतलंय विद्यापीठाचं. "सर, आम्ही झेरॉक्सचं दुकान टाकतोय, आम्हाला विद्यापीठाशी काय देणंघेणं?" असं कुणीतरी विचारणारच. सांगतो. विद्यापीठाचं गिऱ्हाईक कसं असतं बघा. ते ही वस्तू आयुष्यात बहुतेक एकदाच घेतं. घेण्याआधी चार महिने चौकशी करतं, मामाला विचारतं, शेजारच्या ताईला विचारतं आणि रात्री अंथरुणात पडल्यावर मोबाईलला विचारतं. मामाला काय विचारलं ते विद्यापीठाला कधीच कळत नाही. मोबाईलला विचारलेलं मात्र बऱ्यापैकी कळू शकतं, तेही फुकटात. होमस्टे, लग्नाचा हॉल, क्लास, सोलर पंप बसवून देण्याचं काम, या सगळ्यांची गिऱ्हाइकं याच जातीची आहेत. म्हणून विद्यापीठ.

पाटीवरचं नाव आणि तोंडातलं नाव

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. २०१४ मध्ये त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. पाटी बदलली, लेटरहेड बदललं, गुणपत्रिका बदलली. वेबसाईटचा पत्ता मात्र अजून 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' हाच आहे. आणि लोकांच्या तोंडात काय आहे? वडील म्हणतात 'पुणे विद्यापीठ', पोरगी म्हणते 'एसपीपीयू', आणि इंग्रजीत टाईप करणारा कुणी जुन्या सवयीने पुण्याचं स्पेलिंग अजून ओ-ओ-एन-ए असंही करतो. संस्था एकच, शोधणारे चार तऱ्हेचे.

हे एकट्या पुण्याचं नाही. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या नावात २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आलं, सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. नावं मोठ्या माणसांची आहेत, मान राखूनच वापरायची. पण मार्केटिंग बघणाऱ्या माणसाला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वेबसाईटच्या पानांवर जर फक्त नवं अधिकृत नाव असेल आणि 'पूर्वीचे पुणे विद्यापीठ' हे शब्द कुठेच नसतील, तर जुन्या नावाने शोधणाऱ्याला योग्य पानावर आणण्याचं सगळं काम आपण गुगलच्या समजुतीवर सोडून दिलेलं असतं. प्रसिद्ध विद्यापीठाच्या बाबतीत गुगल ते समजून घेतं. तुमच्या-माझ्या धंद्याच्या बाबतीत घेईलच असं नाही.

नावापेक्षाही मोठा घोळ असतो अभ्यासक्रमाच्या शब्दांचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना, घर सांभाळणाऱ्या बायकांना, शिक्षण मध्येच सुटलेल्यांना पदवी घ्यायची संधी देतंय. कागदोपत्री शब्द आहेत 'मुक्त', 'दूरस्थ', 'बहिःस्थ'. गावात यातला एकही शब्द कुणी बोलताना वापरत नाही. गावात म्हणतात, "बाहेरून बी.ए. करतोय." आता ज्याच्या डोक्यात 'बाहेरून' हा शब्द आहे तो गुगलला 'बहिःस्थ' कशाला टाईप करेल? तो विसर्ग कीबोर्डवर कुठे असतो हेसुद्धा निम्म्या लोकांना माहीत नसतं!

आजच्या लेखाची सगळी मेख इथेच आहे. संस्था आपल्या शब्दांत बोलते, गिऱ्हाईक आपल्या शब्दांत शोधतं, आणि या दोन शब्दांमधलं अंतर किती आहे ते सर्चचे आकडे दाखवतात.

आता आंबवड्यात या

समजा तुम्ही आंबवड्याचे. भोर तालुक्यातलं हे गाव नागेश्वराच्या देवळासाठी आणि झुलत्या पुलासाठी ओळखलं जातं. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्याही इथेच. बारावीनंतर इथल्या पोरांना भोर गाठावं लागतं, नाहीतर पुणं. तुमच्या डोक्यात आहे एक छोटं केंद्र: ऑनलाईन प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायचे, कुठल्या कोर्सला काय कागद लागतात ते सांगायचं, जोडीला झेरॉक्स आणि प्रिंट. (दाखले काढून देणारं अधिकृत सेवा केंद्र ही वेगळी परवानगी, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ आहे. इथे फक्त फॉर्म आणि मार्गदर्शन धरलंय.) २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाईन झालेत, त्यामुळे हे काम आता शहरापुरतं राहिलेलं नाही.

या धंद्यात डावावर काय लागलंय तेही बघा. तुमचा वर्षाचा गाळाभाडं निघण्याइतका धंदा मे ते ऑगस्टमध्ये होतो. आणि समोरच्या पोराचं? एखादी तारीख चुकली, जात पडताळणीचा कागद वेळेत मिळाला नाही, की हातची जागा जाते, कधी अख्खं वर्ष जातं. तुम्ही गुगलवर त्याला सापडला नाहीत तर नुकसान फक्त तुमचं होत नाही.

पहिली अडचण गावाच्या नावापासूनच सुरू होते. इंग्रजीत आंबवडे लिहिताना एक जण 'व्ही' वापरतो, दुसरा 'डब्ल्यू', तिसरा मधला 'ए' खातो. मराठीत कुणी 'आं' लिहितो, कुणी नुसता 'अं'. वर सातारा जिल्ह्यात याच नावाची गावं आहेत, भोर तालुक्यातच आंबाडे नावाचं वेगळं गाव आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आहे. तुमच्या गुगलच्या पानावर नुसतं 'आंबवडे' लिहिलंत तर गुगल बिचारं काय करणार? 'आंबवडे, ता. भोर, जि. पुणे, नागेश्वर मंदिराजवळ' असं लिहिलंत तर त्याला धरायला चार खुंट्या मिळतात. शेजारच्या वेल्हे तालुक्यातल्या मित्रांनो, तुमच्याकडे तर विद्यापीठासारखंच झालंय. तालुक्याचं नाव आता राजगड, पण लोक वेल्हे म्हणतात. दोन्ही लिहा. दोन्ही लिहिण्यात कुणाचाही अपमान नाही.

एक सावधगिरी. ही सगळी नावं वर्णनात, पत्त्यात, वेबसाईटच्या मजकुरात लिहायची. गुगल बिझनेस प्रोफाईलवर दुकानाचं जे नाव असतं तिथे शब्द कोंबायचे नाहीत. तिथे पाटीवर आहे तेच नाव द्यायचं असा गुगलचा नियम आहे, आणि तो मोडल्याने प्रोफाईल बंद पडू शकतं.

दाराबाहेर काय चाललंय आणि दाराच्या आत काय

लोक सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्स यांची गल्लत करतात, म्हणून साध्या भाषेत सांगतो. सर्च कन्सोल म्हणजे दुकानाबाहेरच्या रस्त्याचा हिशेब: किती जणांच्या नजरेस पाटी पडली, ते काय शोधत होते, त्यातले किती आत वळले. अ‍ॅनालिटिक्स म्हणजे आतला हिशेब: आत आल्यावर कुठे थांबले, काय उघडलं, फॉर्म भरला की पाठ फिरवली. दोन्ही गुगलचीच, दोन्ही फुकट. अ‍ॅनालिटिक्स २००५ पासून आहे. त्याची जुनी पद्धत जुलै २०२३ मध्ये बंद झाली आणि आता 'जीए फोर' चालतं. त्यामुळे यूट्यूबवर त्याआधीचा एखादा व्हिडिओ बघून तुम्हाला बटणं सापडली नाहीत तर तुमचं काही चुकलेलं नाही.

सर्च कन्सोलसाठी स्वतःची वेबसाईट लागते. बिझनेस प्रोफाईलबरोबर गुगल जी फुकट वेबसाईट द्यायचं ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. पण गुगल साईट्सवर तीन-चार पानांची वेबसाईट अजूनही फुकटात होते. सुरुवातीला तेवढी पुरे.

आता सर्च कन्सोलमधला परफॉर्मन्स रिपोर्ट. त्यात चार आकडे असतात. इम्प्रेशन म्हणजे किती वेळा तुमचं पान शोधाच्या निकालात दिसलं. क्लिक म्हणजे किती वेळा त्यावर बोट पडलं. तिसरा आकडा या दोघांचं प्रमाण, आणि चौथा सरासरी कितव्या नंबरवर दिसलात तो. खाली शोधशब्दांची यादी. खरा खजिना ती यादी आहे. वरचा आलेख बघून खूश व्हायचं नाही, थेट यादीत उतरायचं.

यादी वाचताना शोधशब्दांचे तीन ढीग करा. विद्यापीठाच्या मार्केटिंगवाल्यालाही पहिल्या दिवशी मी हेच करायला सांगेन.

पहिला ढीग नावाचा. 'पुणे विद्यापीठ', 'एसपीपीयू', किंवा तुमच्या केंद्राचं नाव. या लोकांना तुम्ही आधीच माहीत आहात. दुसरा ढीग गरजेचा: 'बी.कॉम. नंतर काय करावं', 'बाहेरून बी.ए. प्रवेश', 'भोरमध्ये कॉम्प्युटर क्लास'. यांना वस्तू हवी आहे, दुकान ठरलेलं नाही. तिसरा ढीग काळजीचा: 'फी किती', 'हप्त्याने भरता येते का', 'पदवी सरकारी नोकरीला चालते का', 'नॉन-क्रिमिलेअर किती दिवसांत मिळतं'. माझं मत विचाराल तर हा तिसरा ढीग सगळ्यात किमती, आणि बहुतेक संस्थांच्या वेबसाईटवर त्याच्यासाठी एकही धड पान नसतं. तिथे असतं कुलगुरूंचं मनोगत, ध्येय आणि दृष्टिकोन, आणि रिबीन कापतानाचे फोटो. फी असते कुठल्यातरी पीडीएफच्या ४३व्या पानावर.

मोठ्या संस्थांच्या आकड्यांत आणखी एक फसगत असते. विद्यापीठाच्या वेबसाईटवर निकालाच्या दिवशी झुंबड उडते. रिझल्ट, हॉल तिकीट, रिव्हॅल्युएशन शोधणारी ही आधीच प्रवेश घेतलेली पोरं. त्यांच्यामुळे महिन्याचा आकडा फुगतो आणि कुणीतरी मीटिंगमध्ये सांगतं, "बघा, आपली जाहिरात चालली!" जाहिरातीचा काहीएक संबंध नसतो. नव्या विद्यार्थ्यांचे शोध वेगळे काढल्याशिवाय तो आकडा रद्दीच्या भावाचा. तुमच्याकडेही हेच होणार. फॉर्मचं पुढे काय झालं ते बघायला जुनं गिऱ्हाईक दहादा येईल. त्याला 'वाढलेली मागणी' समजून दुसरा कॉम्प्युटर घेऊ नका.

हजारांनी पाहिलं, बारा जण आत आले

समजा तुमच्या एका पानाला महिन्यात १,००० इम्प्रेशन आणि १२ क्लिक मिळाले, सरासरी नंबर ६. पहिल्या पानावर दिसताय, तरी शंभरात जेमतेम एक जण आत येतोय. अशा वेळी लोक लगेच जाहिरात लावायला धावतात. थांबा. आधी बघा निकालात तुमच्या नावाखाली जी निळी ओळ दिसते, तिथे काय लिहिलंय. बहुतेक वेळा तिथे असतं 'होम' किंवा 'आमच्याविषयी'. शोधणाऱ्याने विचारलं होतं, 'बाहेरून बी.ए. ला काय कागदपत्रं लागतात?' आणि तुम्ही उत्तर दिलं, 'होम'. कोण येणार?

ती ओळ म्हणजे पानाचं शीर्षक. 'बाहेरून बी.ए. (मुक्त विद्यापीठ): लागणारी कागदपत्रं आणि फी' असं शीर्षक करा. त्यात लोकांचाही शब्द आहे आणि अधिकृतही आहे. एकच पान, एकच बदल, मग तीन-चार आठवडे काही हलवायचं नाही. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तुलना कुठल्या तारखेशी करायची, यातही एक खुबी आहे. सर्च कन्सोल १६ महिन्यांचे आकडे ठेवतं, म्हणजे यंदाचा हंगाम मागच्याशी ताडून बघता येतो. पण बारावीचा निकाल २०२४ मध्ये २१ मे रोजी लागला आणि २०२५ मध्ये ५ मे रोजी. सोळा दिवसांचा फरक! दोन्ही वर्षांचा 'मे महिना' शेजारी ठेवला तर २०२५ मध्ये धंदा एकदम उसळल्यासारखा दिसेल, आणि खरं कारण एवढंच की निकाल लवकर लागला. म्हणून तारखेला तारीख जोडायची नाही. निकालाच्या दिवसापासून पहिला आठवडा, दुसरा आठवडा अशी मोजणी करायची. होमस्टेवाल्यांनी हेच पावसाच्या सुरुवातीपासून करावं, आणि नागेश्वराच्या यात्रेवर धंदा असणाऱ्यांनी तिथीने. इंग्रजी तारखेने महाशिवरात्र कधी सापडत नाही.

स्वतःच्याच नावाची जाहिरात

ईबे ही ऑनलाईन खरेदीविक्रीची मोठी अमेरिकन कंपनी. तिने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर 'ईबे' हा शब्द टाईप केल्यावर दिसणारी स्वतःची जाहिरात बंद करून पाहिली. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या तीन अर्थतज्ज्ञांनी तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. झालं काय? जाहिरात बंद केली तरी जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या निकालावर क्लिक करून आलेच. साहजिक आहे, त्यांना ईबेवरच जायचं होतं.

हा हिशेब आपल्या पैशात करूया. तुम्ही ५,००० रुपये लावले, क्लिकला १० रुपये पडले, म्हणजे ५०० क्लिक. त्यातले ३०० जर तुमचं नावच टाईप करणारे असतील तर ३,००० रुपये तुम्ही घरी येणाऱ्या पाहुण्याला रिक्षाभाडं देण्यात घालवले. जाहिरात देणारा एजंट मात्र रिपोर्टमध्ये ५०० क्लिक दाखवून मोकळा. त्याला एकच प्रश्न विचारा: "यात माझ्या नावाने शोधणारे किती?" जो एजंट शोधशब्दांची यादी दाखवायला टाळाटाळ करतो त्याला पुढचा चेक देऊ नका.

याला अपवाद आहे, तोही सांगतो. शेजारचा क्लासवाला जर तुमच्या नावावर त्याची जाहिरात लावत असेल तर थोडे पैसे घालून आपलं नाव राखावं लागतं. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे खासगी विद्यापीठांची दाटी आहे, तिथे हे घडू शकतं. आंबवड्यात त्याची गरज पडणार नाही.

गुगलला न वाचता येणारं मराठी

हा मुद्दा इंग्रजी कोर्समध्ये तुम्हाला कुणी शिकवणार नाही, कारण तो आपल्याच मातीतला आहे. आपल्याकडे कॉलेजची परिपत्रकं, माहितीपुस्तिका, दरपत्रकं कित्येक वर्षं श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टाईप होत आली. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आतून ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की भलतीच अक्षरं उमटतात, हे तुम्ही पाहिलं असेल. गुगललाही तशीच खिचडी मिळते. मग 'प्रवेश शुल्क' शोधणाऱ्याला ते परिपत्रक सापडणार कसं? दुसरा प्रकार म्हणजे कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. गुगल चित्रातली अक्षरं वाचायचा प्रयत्न करतं, पण शिक्क्याखाली दबलेल्या, तिरक्या मराठीचा भरवसा काय धरणार?

तुमच्या बाबतीत हेच काम डीटीपीवाला करतो. तो दरपत्रकाचं सुंदर चित्र बनवून देतो, तुम्ही ते वेबसाईटवर चिकटवता. चित्र राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपला ते बरं. पण त्याखाली तेच दर युनिकोड मराठीत टाईप करा. मोबाईलच्या कीबोर्डवर जे मराठी टाईप होतं ते युनिकोडच असतं, वेगळं काही शिकायचं नाही.

पीडीएफची आणखी एक गंमत. गुगलवरून कुणी थेट पीडीएफ उघडली तर ती भेट अ‍ॅनालिटिक्समध्ये मोजली जात नाही, कारण पीडीएफमध्ये अ‍ॅनालिटिक्सचा कोड चालत नाही. सर्च कन्सोल मात्र तो क्लिक दाखवतं. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून लोक गोंधळतात. आणि जो वाचक पीडीएफमध्ये उतरला त्याच्यासमोर ना तुमचा फोन नंबर, ना फॉर्मचं बटण. विद्यापीठ असो वा दुकान, महत्त्वाची माहिती साध्या पानावर ठेवा, पीडीएफ खाली जोडा.

आत आल्यावर

अ‍ॅनालिटिक्सविषयी थोडक्यात, कारण छोट्या धंद्याला त्यातल्या नव्वद टक्के गोष्टी लागत नाहीत. दोनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली, फोनवरचा टॅप मोजा. जीए फोर दहा सेकंदांपेक्षा कमी थांबून निघून गेलेल्याला सहसा 'रस नसलेला' धरतं. पण गावाकडचं गिऱ्हाईक काय करतं? पान उघडतं, नंबर बघतं, लगेच फोन लावतं. काम आठ सेकंदांत झालं! तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक रिपोर्टमध्ये नापास दिसतं. फोन नंबरवरचा टॅप आपोआप मोजला जात नाही, तो एकदा बसवून घ्यावा लागतो. कसा, ते व्हिडिओत आहे.

दुसरी, लिंकला शेपूट लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस अ‍ॅनालिटिक्समध्ये बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, म्हणजे कुठून आला पत्ता नाही. लिंकच्या शेवटी यूटीएम नावाची छोटी खूण जोडली की कळतं. भोरच्या एसटी स्टँडवरच्या पोस्टरला एक क्यूआर कोड, गावातल्या किराणा दुकानातल्या पोस्टरला दुसरा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला तिसरी लिंक. महिन्याने बघा कुठलं पोस्टर माणसं पाठवतंय. विद्यापीठं शैक्षणिक मेळाव्यांत स्टॉल लावतात, तिथेही हेच करता येतं: प्रत्येक मेळाव्याला वेगळा कोड. नाहीतर कुठल्या मेळाव्याचे पैसे वाया गेले ते कळणार कसं?

आकडेच कमी असतील तर

आता कडू गोष्ट. आंबवड्यासारख्या ठिकाणी पहिले काही महिने तुमची यादी जवळजवळ रिकामी असेल. फार थोड्या लोकांनी केलेला शोध गुगल खासगीपणासाठी यादीत दाखवतच नाही. गुगल ट्रेंड्सवर 'आंबवडे' टाकलंत तर हाती काही लागेलच असं नाही. ट्रेंड्स मुळात किती लोकांनी शोधलं ते सांगतही नाही, फक्त ० ते १०० च्या पट्टीवर चढउतार दाखवतं. मग करायचं काय?

दोन मार्ग. एक, मोठा शब्द बघा. 'आंबवडे' सोडा, 'मुक्त विद्यापीठ प्रवेश' महाराष्ट्रात कधी चढतो ते ट्रेंड्सवर बघा. चढायच्या दोन-तीन आठवडे आधी तुमचं पान तयार हवं, कारण गुगलला पान सापडायला आणि वर यायला वेळ लागतो. निकाल लागल्यावर पान लिहायला बसणं म्हणजे लग्न लागल्यावर मांडव घालणं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. शंभर पानी वही घ्या, फोनजवळ ठेवा. फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहा. तुमच्या शब्दांत नाही, त्याच्या शब्दांत. "दादा, ते बाहेरून बारावी करायचं कुठं असतं?" असंच लिहायचं. 'मुक्त विद्यालय चौकशी' असं सुधारून लिहिलंत की वही फुकट गेली. पन्नास फोननंतर त्या वहीतून तुमच्या वेबसाईटची शीर्षकं तयार होतात. यूट्यूब चॅनेल असेल तर स्टुडिओमध्येही लोक काय शोधून तुमच्या व्हिडिओवर आले ते शब्द दिसतात. मी माझ्या व्हिडिओंची नावं बरेचदा तिथूनच उचलतो.

वहीत काळजीचा एक प्रश्न वारंवार येईल: "हे विद्यापीठ खरं आहे ना?" त्याच्यासाठी वेगळं पान कराच. शोधनिकालात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं जे येतं ते पैसे देऊन आलेलं असतं, सरकारने तपासून वर ठेवलेलं नसतं, हे खेड्यातल्या पालकाला कुणीतरी सांगायला हवं. १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतःच्या वेबसाईटवर देतं. ती कशी बघायची ते चार ओळींत मराठीत लिहा. या पानातून एक रुपया मिळणार नाही, पण ते वाचणारी आई फॉर्म भरायला तुमच्याकडेच येईल.

जाता जाता कायद्याचं एक. बारावीचं पोर बरेचदा १७ वर्षांचं असतं, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ पूर्ण न झालेली व्यक्ती म्हणजे बालक. मुलांच्या ऑनलाईन हालचालींचा माग ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर त्यात बंधनं आहेत. म्हणून चौकशीच्या फॉर्ममध्ये पालकांचा नंबर घ्या, कशासाठी घेताय ते लिहा, आणि विद्यार्थ्यांच्या नंबरांची यादी कुणी विकत देऊ केली तर हात लावू नका.

यंदाच्या हंगामासाठी एवढं करा. मार्चमध्ये साईट उभी करून सर्च कन्सोल जोडा. एप्रिलमध्ये काळजीची तीन पानं लिहा: फी, कागदपत्रं, मान्यता. निकाल लागला की दर सोमवारी अर्धा तास यादी आणि वही शेजारी ठेवून वाचा. यादीत असा एखादा शब्द दिसला की ज्याचं पान तुमच्याकडे नाही, तर तो खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच शब्दांवर पान बनवून दाखवतो.